चढ ओळखणारा दात

१९ ऑगस्ट

लिहायचं लिहायचं म्हणत उन्हाळा सरत आला. ही वही रशियात ओरेनबर्गच्या स्टेशनवर घेतली होती. प्रवासवर्णन लिहिणार होतो म्हणे! पहिल्या पानात सूर्यफुलाच्या बिया बांधल्या, दुसऱ्यावर चहाचा पियाला टेकवून गोल डाग पाडला, तिसरं एका ट्रकवाल्याने नाक पुसायला मागितलं. आज बसलोय तोही हौसेने नाही. या घरात लग्न सोडून दुसऱ्या कशावर बोलायची सोयच उरली नाही, म्हणून.

लग्न बोतिरचं. बोतिर माझा मावसभाऊ. मोबाइलच्या दुकानात फुटक्या काचा बदलतो आणि चालतो असा की सगळं मर्गिलान शहर त्याच्या नावावर आहे. त्याची आई ओयदिन खोला, माझ्या आईची थोरली बहीण; खोला म्हणजे मावशी. आई रशियात दुसरा संसार मांडून बसली तेव्हापासून मी कुठूनही परतलो की खोलाच्याच अंगणात येऊन पडतो. खोला उजाडायच्या आत तंदूर पेटवते, गोल नान भाजते आणि ते बाजारात नेऊन विकते. तिला मधुमेह आहे, जुना. आणि वरची दातांची अख्खी रांग सोन्याची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने बसवून दिली. नवरा गेला, सोनं राहिलं. उन्हात हसली की समोरच्याचे डोळे दिपतात. पण शेजारी बसलं की आणखी काही कळतं. त्या सोन्याखालून वास येतो, तुंबलेल्या पाटाचा. सकाळी चूळ भरते तर पाणी लाल.

"हिरड्या जुन्या झाल्या," म्हणते. जणू गालिचाबद्दल बोलतेय.

तिच्या खोलीतल्या भिंतीवर खिळ्यांना माझे नान टांगलेत. प्रत्येकाला एकेक घास कमी. निघताना चावायचा आणि परत येऊन उरलेला संपवायचा, असा आमच्याकडचा नेम. मी निघतो नेमाने, संपवत कधीच नाही. नान वाळून तंदुराच्या विटा झालेत. काल म्हणाली, "एल्दोरजान, एक तरी खा. चहात भिजव." म्हटलं, कुऱ्हाड दे आधी.

२३ ऑगस्ट

खोलाला डॉक्टरकडे नेलं. बोतिरला वेळ नव्हता, तो लग्नाचे बूट बघायला गेला होता. बूट बघायला माणसाला अख्खा दिवस लागतो हे मला आजच कळलं.

डॉक्टरणीचं नाव झिलोला. माझ्याहून फार तर सहासात वर्षांनी मोठी असेल, पण बोलते अशी की आपण तिच्या वर्गात नापास झालोय. खोलाचं तोंड उघडून आत बॅटरी मारली आणि तोंड कडू करून मागे सरली.

"खोला, तुमची साखर का उतरत नाही, सांगू? तोंडात वर्षानुवर्षं पू साठलाय. तो साखर चढवतो आणि चढलेली साखर त्याला पोसते. असं दुखणं अंगात मुरलं की रक्ताच्या नळ्यांनाही सूज धरते. मधुमेह असला की हृदयाला धोका आधीच जास्त. त्यात तुम्ही ही भट्टी तोंडात घेऊन फिरताय."

"माझी भट्टी अंगणात आहे, पोरी."

"सोनं काढा. खाली मुळं सडलीत, तीही काढावी लागतील."

"कधी?"

"काल."

"ऑक्टोबरात मुलाचं लग्न आहे. ते झालं की येते."

झिलोलाने पेन खाली ठेवलं. "लग्नानंतर येते म्हणून गेलेले माझे निम्मे पेशंट आता दफनभूमीत आहेत, खोला. बरं, निदान हृदयाचा आलेख तरी आजच काढून जा. खालच्या मजल्यावर निघतो."

खाली रांग होती. खोला थोडा वेळ बसली, मग उठली. "कणीक फुगून परातीबाहेर आली असेल." झालं. कणकेपुढे हृदय म्हणजे काय चीज!

येताना कालव्यावरचा पूल चढताना थांबली आणि जबडा हाताने धरला. चेहरा कणकेसारखा पांढरा. "दात ठणकतोय." जरा वेळ कठड्याला टेकली, दात थांबला. उतारावर काही नाही. पुढे आमच्या गल्लीचा चढ लागला तशी पुन्हा थांबली. असा दात मी जन्मात पाहिला नाही. कोमट चहाने दुखत नाही, खडीसाखरेने दुखत नाही, फक्त चढ लागला की दुखतो. म्हटलं, "खोला, या दाताला चढ ओळखता येतो. सर्कशीत देऊन टाक."

हसली. डोळे दिपले.

३० ऑगस्ट

विहीण येऊन गेली. मस्तुराबाई, नवरीची आई. एके काळी शाळेची मुख्याध्यापिका होती, त्यामुळे घरात शिरली की पाय पुसले का, असं आपल्यालाच वाटतं. दोन्ही घरांनी मिळून नान मोडला, सोयरीक वसंतातच पक्की झाली, मग आता कशाला आली? जेवणाच्या दस्तरखानवर काय कमी आहे ते बघायला, दुसरं काय.

खोला पहाटेपासून लवंगा चघळत होती. वास लपवायला.

या बाईचा तोरा तर बघत राहावा असा. हसायची वेळ आली की लगेच हात तोंडावर. बोलतानाही हात अर्धा वर. जणू आमच्या घरातली हवा आत गेली तर बाटेल. मी कापलेलं खरबूज, पहिल्याच कापाला अंगणभर घमघमलेलं, तिने दोन बोटांनी बाजूला सारलं. खडीसाखर नको. आणि खोलाचा गरम नान, ज्यासाठी बाजारात बायका भांडतात, तो तिने चहात बुडवला, पार लापशी होईतो बुडवला आणि चमच्याने गिळला. एकही घास चावला नाही. आमचा नान चावायच्या लायकीचा नाही, एवढं तोंडाने सांगायची गरजच उरली नाही.

निघताना खोलाकडे टक लावून बघत म्हणाली, "ओयदिन, तुझे दात अजून किती झळकतात गं!"

टोमणा होता. मला टोमणे कळतात, मी दोन वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासलीत.

पण खोला फुलून गेली. दार लागलं तशी माझ्याकडे वळली. "ऐकलंस? अख्ख्या घरात तिला काय दिसलं? दात! आणि तुझी ती पोरगी म्हणते उपटून टाका. सून सलामाला येईल, वाकेल, सगळी गल्ली जमलेली असेल, आणि मी बोळकं घेऊन उभी राहू? लग्न होऊ दे. मग सगळं काढा. जीभसुद्धा काढा."

बोतिर म्हणाला, "आई बरोबर बोलतेय." बोतिरने दुसऱ्याला चुकीचं ठरवलेलं मी फक्त फुटबॉलच्या पंचाच्या बाबतीत ऐकलंय.

४ सप्टेंबर

शेजाऱ्याने कबुतरं आणलीत. पायांत झुपकेदार पिसं आणि हवेत कोलांट्या मारणारी. दुपार तिथेच गेली. एक पांढरी मादी इतकी उंच गेली की दिसेनाशी झाली आणि मग दगड पडावा तशी कोलांट्या घेत खाली. मालक म्हणतो, चांगलं कबूतर तेच जे परत येतं. मूर्ख माणूस. परत यायचं तर वर गेलंच कशाला?

गैरात नावाचा ओळखीचा ट्रकवाला भेटला. आक्ताऊला जातोय, समुद्र आहे तिथे. शुक्रवारी निघू म्हणाला. जाणार.

९ सप्टेंबर

शुक्रवारी गेलो नाही. खोलाला पिठाची पोती कोण आणून देणार? बोतिरचे बूट अजून मिळाले नाहीत.

आज खोला मला सोबिर उस्ताकडे घेऊन गेली. बाजाराच्या मागे या कारागिराची टपरी. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करतो, दुसऱ्या बाजूला दात. दोन्हीला तोच चिमटा वापरत असेल तर मला नवल वाटणार नाही. खोलाच्या उजवीकडच्या सोन्याच्या टोप्या सैल झाल्यात आणि तिथूनच पू झिरपतो. तिने कानातली कर्णफुलं काढून त्याच्या तळहातावर ठेवली. यांच्या नव्या रुंद टोप्या करून घट्ट बसव, म्हणाली, फट राहता कामा नये.

मी म्हटलं, "उस्ता, डॉक्टरीण म्हणते खाली सडलंय."

"सोन्याला कीड लागत नाही, पोरा."

"सोन्याला नाही हो. खाली."

"खाली अंधार. अंधारात काय आहे ते कोण बघायला जातो?" आणि असा हसला की त्याचीही सगळी दुकानदारी दिसली.

संध्याकाळपर्यंत टोप्या बसल्या. मसाला भरून कड न् कड बुजवली. आणि खरंच सांगतो, वास गेला. साफ गेला. उस्ता गाढव आहे, हे मी कुठेही लिहून देईन. पण त्या शहाणीने नुसती भीती घातली आणि गाढवाने वास घालवला. खोला घरी आल्यापासून आरशासमोर आहे.

१५ सप्टेंबर

खोलाचं नवं नाटक. नान लावायला तंदुरात वाकली की घाम सुटतो. तंदुराचा घाम वेगळा, हा गार आहे म्हणते. दमते. मध्येच पायरीवर बसते आणि पायरीलाच सांगते, "जरा थांब गं." दात पुन्हा चालू झालाय. आता त्याला चढही लागत नाही, घागर उचलली तरी पुरते. उजवा गाल सुजलाय. झिलोलाकडे चल म्हटलं तर म्हणाली, "नवीन टोपी आहे, बसायला वेळ लागतो. बूट नाही का चावत?"

या घरात सगळं बुटांवर येऊन थांबतं.

शेजारणीने सांगितलं म्हणून गालावर गरम नान बांधून घेते. सुजलेला गाल, वर नान, त्यावर रुमाल, आणि त्या अवतारात गल्लीतल्या बायकांना लग्नाचे रेशमी कपडे दाखवतेय. बायका आहा-ओहो करतात. एकीनेही विचारलं नाही की बाई, तुझ्या तोंडाला काय झालं? लग्नघरात आजार दिसत नाही, दिसला तरी बघायचा नाही. मला या गल्लीची किळस येते.

पाणी आणि नानच्या टोपल्या सध्या मी वाहतो. वैतागून वाहतो. तिचं ते थांबत थांबत चालणं बघवत नाही, म्हणून.

२० सप्टेंबर

उद्या गैरातबरोबर निघतोय. या वेळी नक्की. मला लग्न बघायचं नाही, बोतिरचे बूट बघायचे नाहीत. खोलाला सांगितलं. नुसतं म्हणाली, "मग उद्याचा पहिला नान तुझा."

२१ सप्टेंबर

रुग्णालयात आहोत.

सकाळी तिने नान पुढे केला. मी घास चावला. बाहेर गैरात भोंगा वाजवत होता. खोला नान खिळ्याला अडकवायला स्टुलावर चढली, हात वर केला आणि म्हणाली, "दात." एवढंच. मग नान आधी पडला, मागून ती.

गैरातच्याच ट्रकमधून आणलं तिला. टरबुजांच्या मधून. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती मला म्हणत होती, नान उचललास का, पायाखाली येईल.

२३ सप्टेंबर

वाचली. हृदयविकाराचा झटका होता, तोही पहिला नसावा. आलेखात जुनी खूण आहे म्हणतात.

झिलोला खाली येऊन मला कोपऱ्यात घेऊन गेली. "जबडा कधीपासून दुखत होता?"

"दात होता तो. चढावर दुखायचा."

तिने हातातली फाईल मिटली. मग म्हणाली, "दाताला चढ कळत नाही. हृदयाला कळतो. मधुमेहाच्या माणसाला कधी कधी छातीत दुखतच नाही. कुणाचा जबडा दुखतो, कुणाला नुसता घाम सुटतो, कुणी नुसतं दमतं. चढताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, हे तुमच्यापैकी एकालाही विचित्र वाटलं नाही?"

वाटलं होतं. सर्कशीत द्यायला सांगितलं होतं मी. हे तिला सांगितलं नाही. तिचा तो नापास करणारा आवाज मला सहन होत नाही.

पुढचं आणखी वाईट. खोलाला ताप आहे. उस्ताने टोपीखाली सगळं कोंडून ठेवलंय. पू बाहेर यायची जी फट होती तीच बुजवली. साखर कशानेही उतरत नाही आणि दुखावलेल्या हृदयावर तो भार. झिलोला म्हणते, बाकीचे दात हृदय सावरल्यावर काढू, पण त्या टोप्या आत्ता काढून वाट मोकळी केली नाही तर हे विष रक्तात पसरेल, आणि मग ती काही सांगू शकत नाही. दातांचा डॉक्टर याच इमारतीत आहे. खोलाने फक्त तोंड उघडायचंय.

खोला तोंड उघडत नाही.

ओठ मिटून मान हलवते. मला जवळ बोलावलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "समोरचे जातील. टोप्या एकमेकींत ओवल्यात, एक काढली की सगळी रांग येते. लग्न होऊ दे."

"तू नसलीस तर कुणाचं लग्न?"

"बोतिरचं," म्हणाली. एवढ्यातही.

२५ सप्टेंबर

बोतिर आला. खोलाच्या पायांशी उभा राहून रडला. खरं रडला, नाक वाहेपर्यंत. मग बाहेर येऊन मला म्हणाला, "मुलीकडच्यांना काही कळता कामा नये. मी त्यांना सांगितलंय, आई तीर्थाला गेलीय, शाहिमर्दानला."

"आणि आतमध्ये ती मेली तर? तिथून तिला स्वर्गात पाठवणार?"

"भाऊ, शब्द दिलाय. नान मोडलाय. आजारी घर म्हणून त्यांनी मुलगी दिली नाही तर आई त्या धक्क्यानेच जाईल."

म्हणजे इकडूनही जाणार, तिकडूनही. मग निदान दात घासून जाऊ दे, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. बोतिरच्या पायांत नवे बूट होते. मिळाले एकदाचे.

दुपारी ताप वाढला. ग्लानीत ती टंगळमंगळ करणाऱ्या एल्दोरला रागावत होती. मी समोरच होतो, पण तिला दिसला नाही.

२६ सप्टेंबर

आज मी विहिणीच्या घरी गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. पायच तिकडे वळले, आणि वळले तेव्हा माझ्या डोक्यात नुसता जाळ होता.

मस्तुराबाई अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली बसली होती. हात तोंडावर. मी सलामही केला नाही. म्हटलं, "ओयदिन खोला तीर्थाला गेलेली नाही. हृदय फुटून पडलीय रुग्णालयात. तोंडात पू भरलाय आणि तुम्ही तिचे दात बघितलेत म्हणून ती ते काढू देत नाही. तुमच्या मुलीने सलाम केला की ती झळकली पाहिजे ना! बघा या अंगणात बसून. मोडा सोयरीक, नाहीतर सोन्याचा टोमणा मारायला परत या. तिला साखरेचा आजार आहे, हिरड्या सडल्यात, आणि आमचा नान तुम्हाला चावता आला नाही तर राहू दे."

बाईने एका हाताने माझ्यासाठी पियाला भरला. दुसरा हात तसाच तोंडावर. हातामागूनच म्हणाली, "पोरा, बस. पाणी पी."

पाणी प्यायलो नाही. निघून आलो.

आता सगळं संपलं. सोयरीक मोडली, बोतिर मला जिवंत ठेवणार नाही, खोलाला कळलं तर ती ज्या दातांसाठी मरायला निघालीय तेही फुकट. गैरात परवा परततोय, पुन्हा आक्ताऊलाच. मी जाणार. भिंतीपर्यंत न पोचलेला शेवटचा नान मात्र पिशवीत घालून आणलाय, तिच्या हातून जमिनीवर पडलेला तोच. का आणला, देव जाणे. दिवसभर चहात भिजवून चावतोय. अजून अर्धा आहे. माझ्या हिरड्या दुखायला लागल्या.

२७ सप्टेंबर

सकाळ. खोलाच्या खोलीबाहेरच्या बाकावर लिहितोय. दातांचा डॉक्टर एकदा येऊन परत गेला. झिलोलाने आत जाऊन बजावलं, बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. तीही थकते म्हणजे.

आत खोला भिंतीकडे तोंड करून पडलीय. मला ताकीद दिलीय, दारात बस, मुलीकडचं कुणी आलं तर आत सोडू नकोस. म्हणून बसलोय. कोण येतंय? आता आलंच तर सोयरीक परत करायला.

जिन्यावर पावलं वाजताहेत. सावकाश. मध्ये थांबताहेत.

नर्स वर येऊन सांगतेय, एल्दोर कोण, खाली वाट बघायला सांगितलं तर ऐकत नाहीत, तुमच्या कुणी नातलग म्हणे. मागोमाग मस्तुराबाई. एकटी. कठडा धरून उभी, धापा टाकतेय. एका हातात पियाला, वर रुमाल झाकलेला. दुसरा हात कठड्यावर, म्हणजे तोंडावर नाही. तोंड उघडं आहे आणि तोंडात एकही दात नाही. एकही. गुलाबी, लहान मुलासारखं.

रुमाल सरकलाय. पियाल्यात पाणी आहे आणि पाण्यात कवळी.

"माझे तीन वर्षांपूर्वी काढले," ती म्हणतेय, शब्दांतून वारा जातोय, "याच साखरेपायी. बाजूला हो पोरा, मला तिच्यासमोर हसायचंय."

मी उठलोय. आतून खोला विचारतेय, कोण आलं रे.